गोगचा बदलता पत्ता

पश्चिम आशियात क्षेपणास्त्रं उडू लागली की महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर बायबलमधल्या यहेज्केल या संदेष्ट्याच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय फिरू लागतो. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर चढाई केली तेव्हा तो फिरला, आणि २०२३ च्या ऑक्टोबरनंतर तर त्याला खंडच नव्हता. मागोग देशाचा गोग उत्तरेच्या टोकाकडून इस्राएलावर चालून येतो, त्याच्यासोबत पारस, कूश आणि पूट. पारस म्हणजे इराण, इथपर्यंत ठीक. पुढे मेशेख म्हणजे मॉस्को, तुबाल म्हणजे तोबोल्स्क, नकाशावर लाल बाण, आणि शेवटी ठरलेला प्रश्न: तुम्ही तयार आहात का?

हिब्रू शास्त्रातल्या, म्हणजे जुन्या करारातल्या, अंतकाळाच्या वचनांवर माझा विश्वास आहे. आणि म्हणूनच ती अशी वाचली जाऊ नयेत असं मला वाटतं. संदेष्ट्यांनी आपली वचनं अशी वापरली नाहीत. येशूने ती अशी वाचली नाहीत, प्रेषितांनीही नाही. आज आपण जिला 'शास्त्राप्रमाणे' म्हणतो त्या पद्धतीचा साचा एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी आणि त्याच्या ब्रदरन पंथातल्या सहकाऱ्यांनी घडवला. १९०९ साली निघालेल्या स्कोफिल्ड बायबलने तो घरोघरी नेला, आणि नेला तो तळटिपांतून. वचन आणि तळटीप एकाच पानावर छापली की दोन पिढ्यांनंतर वाचणाऱ्याला कुठलं देवाचं आणि कुठलं स्कोफिल्डचं हे कळेनासं होतं. आपल्याकडे तर ती तळटीप पुस्तकाशिवायच आली, उपदेशातून, आणि वचनाच्या आवाजात बोलू लागली.

आधी गोगचंच बघू. पहिल्या शतकात योसेफस या यहूदी इतिहासकाराला मागोगचे लोक म्हणजे सिथियन वाटले. चौथ्या शतकात गॉथ टोळ्या रोमन साम्राज्यात घुसल्या तेव्हा मिलानचा बिशप अँब्रोझ याने गोग म्हणजे हे गॉथच, असं लिहून टाकलं. त्याच्याच हातून बाप्तिस्मा घेतलेल्या ऑगस्टीनने पुढे स्वच्छ सांगितलं की गोग-मागोग ही अमुक देशातल्या अमुक रानटी जमातीची नावं समजू नयेत. त्याचं कुणी ऐकलं नाही. १५३० साली ल्यूथरने हे अध्याय जर्मनमध्ये छापले तेव्हा त्याच्यासाठी गोग म्हणजे तुर्क होता, कारण आदल्याच वर्षी तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला होता. स्कोफिल्डच्या टिपेत तो रशियाला गेला आणि शीतयुद्धाच्या काळात तिथेच स्थिरावला. प्रत्येक पिढीला गोग आपल्या दाराशी सापडतो, आणि तो नेहमी ज्याची भीती वाटते तोच असतो. मेशेख आणि तुबाल हे मात्र यहेज्केलाच्या ऐकणाऱ्यांना माहीत असलेले लोक होते. अश्शूरी राजांच्या शिलालेखांत मुश्की आणि तबाल म्हणून त्यांचा उल्लेख येतो, आणि त्यांचा मुलूख आजच्या तुर्कस्तानात होता. मॉस्कोचं नाव लेखी नोंदीत पहिल्यांदा येतं ते ११४७ साली, आणि तोबोल्स्क वसलं १५८७ मध्ये.

यावर हमखास येणारं उत्तर असं: संदेष्ट्याला स्वतःला कळलं नसेल, पण आत्म्याला माहीत होतं. असेल. मग एकोणचाळिसाव्या अध्यायातली धनुष्यं, बाण, ढाली आणि भाले यांचं काय करायचं? तिथे लिहिलंय की इस्राएलचे लोक ही हत्यारं सात वर्षं सरपण म्हणून जाळतील, त्यांना रानातून लाकूड आणावं लागणार नाही. जो उपदेशक 'अक्षरशः अर्थ घ्या' म्हणून टेबल ठोकतो, तोच इथे आला की बाणाचं क्षेपणास्त्र करतो, घोड्याचा रणगाडा करतो आणि सरपणावरून गुपचूप पुढे जातो.

पण यहेज्केलातली सगळ्यात बोलकी जागा अडतिसाव्या अध्यायात नाहीच. सव्विसाव्या अध्यायात तो सांगतो की बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर सोर (टायर) नगरावर चालून येईल, तटबंदी पाडेल, रस्ते घोड्यांच्या टापांखाली तुडवेल, संपत्ती लुटेल. नबुखद्नेस्सर आला. वेढा वर्षानुवर्षं चालला. आणि मग एकोणतिसाव्या अध्यायात, त्या ग्रंथातली सगळ्यात उशिराची तारीख घालून, म्हणजे आपल्या हिशेबाने इ.स.पू. ५७१ च्या सुमाराला, तोच यहेज्केल लिहितो की नबुखद्नेस्सरच्या सैन्याने सोरपुढे अपार कष्ट केले, प्रत्येक डोक्याला टक्कल पडलं, प्रत्येक खांद्याची सालपटं निघाली, तरी त्याला आणि त्याच्या सैन्याला सोरकडून काही मजुरी मिळाली नाही. म्हणून परमेश्वर त्याला आता मिसर (इजिप्त) देश देतो.

हे दोन्ही अध्याय एकाच ग्रंथात, तीन पानांच्या अंतरावर आहेत. यहेज्केलाने आधीचा अध्याय फाडला नाही, सारवासारव केली नाही. आधी असं बोललो होतो, घडलं ते असं, आणि आता परमेश्वराचं म्हणणं असं आहे, हे तो तारीख टाकून नोंदवतो. भविष्य तंतोतंत छापून ठेवलेलं असतं आणि आपण फक्त खुणा करत जायचं, अशी ज्याची समजूत असते तो हे असं जपून ठेवणार नाही. यहेज्केलाला ते जपता आलं, कारण त्याच्यासाठी वचन म्हणजे जिवंत परमेश्वराचं माणसांशी चाललेलं बोलणं होतं.

यिर्मयाने तर हा नियमच लिहून ठेवलाय, अठराव्या अध्यायात, कुंभाराच्या घरी. एखाद्या राष्ट्राला मी उपटीन, पाडीन असं मी बोललो आणि ते राष्ट्र आपल्या दुष्टाईपासून फिरलं, तर मीही माझा बेत बदलीन. आणि बांधीन असं बोललो आणि ते बिघडलं, तर तेही बदलीन. योनाचं पुस्तक म्हणजे या नियमाचं उदाहरण. 'आणखी चाळीस दिवसांचा अवकाश, मग निनवे धुळीस मिळेल.' कसलीही अट घातलेली नाही, मुदत मात्र ठरलेली. निनवेकरांनी पश्चात्ताप केला, चाळीस दिवस गेले, शहर उभंच. भविष्यवाणी खोटी ठरली की सफल झाली? शास्त्राचं उत्तर उघड आहे. रागावला तो एकटा योना. शहराबाहेर मांडव घालून, आता नाश होतो की नाही ते बघत तो बसला होता. अंतकाळाच्या आजच्या कित्येक चॅनलवाल्यांची बैठक अगदी त्याच जागेवर आहे.

आता दानीएल, कारण खरा गोंधळ तिथे आहे. यहूदी शास्त्रात दानीएलाचं पुस्तक संदेष्ट्यांच्या विभागात नाहीच. ते 'लेख' या तिसऱ्या विभागात, एस्तेर आणि एज्रा यांच्यामध्ये आहे. ख्रिस्ती बायबलने ते यहेज्केलानंतर, मोठ्या संदेष्ट्यांच्या रांगेत ठेवलं. जागा बदलली आणि वाचणाऱ्याची अपेक्षाही बदलली. शिवाय प्रोटेस्टंट घरांत आणखी एक अडचण आहे. वसईतल्या कॅथलिक घरातल्या बायबलमध्ये मक्काबींची पुस्तकं असतात. नगरकडच्या आमच्या प्रोटेस्टंट घरांतल्या बायबलमध्ये जुन्या करारातला शेवटचा मलाखी संपला की पान उलटून थेट नव्या करारातला मत्तय. मधली चारशे वर्षं कोरी. आणि दानीएलाचे दृष्टान्त ज्या संकटाभोवती फिरतात ते नेमकं त्या कोऱ्या जागेत घडलं. अंतिओखस एपिफानेस या ग्रीक वंशाच्या सिरियन राजाने इ.स.पू. १६७ मध्ये यरुशलेमच्या मंदिरातलं नित्याचं अर्पण बंद पाडलं, वेदीवर परक्या दैवताचा यज्ञ केला, सुंता करणाऱ्यांना आणि शब्बाथ पाळणाऱ्यांना ठार मारलं. इ.स.पू. १६४ मध्ये यहूदा मक्काबीने मंदिर पुन्हा शुद्ध केलं. यहूदी आजही हनुक्का पाळतात तो त्याच्याच स्मरणार्थ.

हे माहीत असेल तर आठवा अध्याय फारसा गूढ राहत नाही. दोन शिंगांचा मेंढा म्हणजे मेद आणि पारस यांचे राजे, केसाळ बकरा म्हणजे ग्रीसचा राजा, हे गब्रीएल स्वतः नावानिशी सांगतो. लहान शिंग, म्हणजे अंतिओखस, पुढे वाढतं, अर्पण बंद करतं, आणि 'किती काळ?' या आक्रोशाला उत्तर मिळतं: दोन हजार तीनशे संध्याकाळ-सकाळ, मग पवित्रस्थानाची शुद्धी होईल. बंद पडलेली अर्पणं होती ती रोज सकाळ-संध्याकाळचीच. न्यूयॉर्क राज्यातल्या विल्यम मिलर नावाच्या एका शेतकरी उपदेशकाने त्या संध्याकाळ-सकाळींची वर्षं केली, इ.स.पू. ४५७ पासून मोजली आणि १८४३-४४ वर येऊन थांबला. त्याच्या अनुयायांनी पुढे नेमका दिवस धरला: २२ ऑक्टोबर १८४४. हजारो माणसं त्या रात्री जागली. अमेरिकेच्या धर्मेतिहासात त्या सकाळला 'महानिराशा' म्हणतात.

मिलरला हसणं सोपं आहे. पण गणिताचा हा छंद त्याच्याहून जास्त शिकलेल्यांनाही लागला. लंडनच्या स्कॉटलंड यार्डचा मोठा अधिकारी सर रॉबर्ट अँडरसन याने दानीएलाच्या नवव्या अध्यायातली सत्तर सप्तकं, म्हणजे सात-सात वर्षांचे सत्तर गट, तपासाला घेतली. ३६० दिवसांचं वर्ष धरून एकोणसत्तर सप्तकांचे १,७३,८८० दिवस काढले आणि ते येशूच्या यरुशलेम-प्रवेशाच्या दिवशी बरोबर संपतात असं जाहीर केलं. उरलेलं एक सप्तक मात्र त्याला तिथे बसवता येईना, म्हणून ते भविष्यात ढकललं. एकोणसत्तर सप्तकं दिवसाच्या हिशेबात पक्की आणि सत्तराव्याच्या आधी जवळपास दोन हजार वर्षांची खिंड, जिचा त्या वचनांत मागमूस नाही. आपल्याकडच्या अंतकाळाच्या तक्त्यांत सात वर्षांचं जे 'महासंकट' असतं ते या उरलेल्या सप्तकाचं. सातव्या अध्यायातल्या श्वापदाच्या दहा शिंगांचीही अशीच गत. १९८१ मध्ये ग्रीस दहावा सदस्य म्हणून युरोपीय समुदायात आला तेव्हा कित्येकांना दानीएलाची दहा शिंगं मोजून मिळाली. १९८६ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल आले, आणि शिंगं झाली बारा.

या सगळ्यात त्या नवव्या अध्यायात दानीएल नेमकं काय करतो हे सुटून जातं. तो यिर्मयाच्या ग्रंथात सत्तर वर्षांचा उल्लेख वाचतो. आकडा त्याच्या हातात आहे. आणि तो गोणपाट नेसून, राख घेऊन प्रार्थनेला बसतो: आम्ही पाप केलं, आमच्या राजांनी, आमच्या वडिलांनी. सतराएक वचनं ही प्रार्थना चालते. सप्तकांचं बोलणं अवघ्या चार वचनांचं आहे. शत्रूच्या पापाचं तर त्यात अक्षरही नाही.

तारखा काढण्यावर मंडळीने आपल्याच अनुभवातून टाच आणली होती, तीही फार लवकर. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये हिप्पोलितसने दानीएलावर भाष्य लिहिलं. संपूर्ण स्वरूपात आज उपलब्ध असलेलं हे सगळ्यात जुनं ख्रिस्ती शास्त्रभाष्य. त्यात त्याने आपल्या काळातल्या दोन हकिकती दिल्यात. सिरियातल्या एका मंडळीप्रमुखाने बायका-पोरांसह विश्वासणाऱ्यांना ख्रिस्ताला भेटायला म्हणून रानात नेलं. ती माणसं डोंगरात भरकटली, आणि सुभेदार त्यांना दरोडेखोर समजून कापून काढणार होता. त्याची बायको विश्वासणारी होती, तिच्या विनवणीने ते वाचले. दुसरा मंडळीप्रमुख काळ्या समुद्राकाठच्या पोंत प्रांतातला. चांगला, नम्र माणूस, पण शास्त्रापेक्षा स्वतःच्या स्वप्नांवर भरवसा. वर्षभरात न्यायाचा दिवस येणार, नाही आला तर शास्त्रावरही विश्वास ठेवू नका, असं तो बोलून बसला. लोकांनी शेतं पडीक टाकली, मालमत्ता विकली. वर्ष सरलं. अविवाहित राहिलेल्या मुलींनी लग्नं केली, पुरुष पुन्हा नांगराला लागले, आणि ज्यांनी सगळं विकलं होतं ते भीक मागताना दिसले. हिप्पोलितस स्वतः अंत येणार असं मानणाराच होता. त्याने ही हकिकत लिहिली ती आपल्याच माणसांना सावध करायला. पुढे ऑगस्टीनने प्रेषितांच्या कृत्यांतलं 'काळ व समय जाणणे तुमच्याकडे नाही' हे वचन घेऊन म्हटलं की या वाक्याने बोटं मोजत बसणाऱ्या सगळ्यांची बोटं सोडवली आहेत. तालमुद या यहूदी धर्मग्रंथातल्या रब्बींची भाषा याहून कडक: अंताचा हिशेब मांडणाऱ्यांची हाडं गळून पडोत.

मग येशूने ही वचनं वाचली कशी? लूकच्या चौथ्या अध्यायात तो नासरेथच्या सभास्थानात यशयाच्या एकसष्टाव्या अध्यायाचं पट उघडतो. दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, परमेश्वराच्या प्रसादाचं वर्ष. यशयात त्याच ओळीत पुढे 'आणि आमच्या देवाचा सूड घेण्याचा दिवस' आहे. येशू त्याच्या आधी थांबतो, पट गुंडाळतो, सेवकाकडे देतो आणि खाली बसतो. डार्बीच्या परंपरेतले शिक्षक इथे बोट ठेवतात: बघा, वाक्याच्या मध्ये दोन हजार वर्षांचा खंड, पहिलं आगमन प्रसादाचं, दुसरं सुडाचं. पण पुढची वचनं वाचली की ते टिकत नाही. येशू लगेच सांगतो की दुष्काळात एलीयाला इस्राएलातल्या कुठल्या विधवेकडे पाठवलं नाही, सीदोनातल्या सारफथच्या विधवेकडे पाठवलं. अलीशाच्या काळात इस्राएलात कुष्ठरोगी पुष्कळ होते, शुद्ध झाला तो सुरियाचा नामान. म्हणजे परक्यांवरच्या सुडाची ओळ गाळली आणि परक्यांवरच्या कृपेची दोन उदाहरणं दिली. गाव खवळलं, त्याला कड्यावरून लोटायला निघालं. फक्त सवड मागितल्याने लोक एवढे चिडत नाहीत.

प्रेषितांचं वाचनही याच वळणाचं. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला (पेंटेकॉस्टला) पेत्र योएलाचं वचन घेतो, त्यात सूर्य अंधारमय होणं आणि चंद्र रक्तमय होणंही आहे, आणि म्हणतो, ते हेच आहे. आकाशात काही झालेलं नव्हतं. पुत्र आणि कन्या, दास आणि दासी बोलू लागल्या होत्या. यरुशलेमच्या सभेत याकोब आमोसाच्या नवव्या अध्यायातला दाविदाचा पडलेला डेरा पुन्हा उभारण्याचा उतारा काढतो, आणि त्यावरून विदेश्यांना सुंतेच्या ओझ्याशिवाय आत घ्यावं असा निर्णय होतो. येशूने दानीएलातलं, मंदिर विटाळणाऱ्या 'ओसाडीच्या अमंगळ पदार्थाचं' बोलणं अंतिओखसाच्या वेदीवरून उचलून यरुशलेमच्या येणाऱ्या नाशावर ठेवलं, आणि सल्ला काय दिला? यहूदीयात असतील त्यांनी डोंगरात पळून जावं. जीव वाचवायचा साधा सल्ला. दिवस-घटकेबद्दल तर त्याने पुत्रालाही ठाऊक नाही म्हणून सांगितलं. ते आम्हाला ठाऊक करून घ्यायचंय.

मग अंतकाळाची आशा उरते कुठे, असं मला विचारलं जातं, आणि प्रश्न रास्त आहे. दानीएलाचं सगळंच अंतिओखसात संपतं असं मी म्हणत नाही. अकराव्या अध्यायाच्या शेवटी तो राजा समुद्र आणि पवित्र पर्वत यांच्यामध्ये तळ ठोकून संपतो. प्रत्यक्षात अंतिओखस मेला पारसाकडच्या मोहिमेवर. पोर्फिरी या तत्त्वज्ञाने तिसऱ्या शतकातच म्हटलं होतं की हा ग्रंथ अंतिओखसाच्या काळात लिहिला गेला. जेरोमने पाचव्या शतकात त्याला उत्तर देताना अंतिओखसाची छाया मान्य केली आणि तिच्यामागे पुढचा ख्रिस्तविरोधक पाहिला. मला पोर्फिरीचा काळ पटतो आणि जेरोमचा रोखही पटतो. कारण बाराव्या अध्यायात जे येतं ते अंतिओखसाच्या मरणाने भागत नाही: भूमीच्या मातीत निजलेल्यांपैकी पुष्कळ उठतील. हिब्रू शास्त्रात पुनरुत्थान इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठे नाही, आणि ते आलंय कुठे, तर शब्बाथ मोडायला नकार दिला म्हणून मारल्या गेलेल्यांच्या संदर्भात. मंदिर शुद्ध झालं, ठीक. मेले त्यांचं काय? या प्रश्नातून ती आशा निघाली. ख्रिस्ती माणसासाठी तिचं उत्तर रिकाम्या कबरेपाशी सुरू झालंय. नकाशावरच्या बाणांचं त्यात कामच नाही.

या बाणांखाली खरी माणसं येतात. प्रचलित अंतकाळ-शिकवणीत यहूदी लोक हे 'देवाचं घड्याळ' असतात. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र झालं तेव्हा काटा हलला, १९६७ मध्ये यरुशलेम त्याच्या ताब्यात आलं तेव्हा आणखी हलला. आणि जखऱ्याच्या तेराव्या अध्यायातलं 'दोन भाग छेदले जातील, तिसरा भाग राहील' हे वचन घेऊन महासंकटात दोन तृतीयांश यहूदी मरतील, असंही शिकवलं जातं. ते शांतपणे, कधीकधी उत्साहाने सांगितलं जातं. युरोपात साठ लाख यहूदी मारले गेल्यानंतर. आमोस अशा उत्साहाला ओळखून होता: परमेश्वराच्या दिवसाची इच्छा करणाऱ्यांनो, तुम्हाला हाय हाय! तो अंधकाराचा आहे, प्रकाशाचा नव्हे. त्याने हे शत्रूंना सुनावलं नाही, आपल्याच भक्त मंडळींना सुनावलं.

मराठी ख्रिस्ती माणसाला तर हे फार लांबचं समजायची सोयच नाही. कोकणातले बेने इस्राएल यहूदी शेकडो वर्षं मराठी बोलत, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली म्हणून ओळखले जात. अलिबागजवळच्या खंडाळे गावापाशी एका खडकावरच्या खुणा म्हणजे एलियाहू हनावीच्या रथाच्या चाकोऱ्या, असं ते मानतात. एलियाहू हनावी म्हणजे आपला एलीया. मलाखीच्या शेवटी, परमेश्वराच्या भयंकर दिवसाच्या आधी येणार म्हटलेला. नवस फेडायला, लग्नकार्याला त्याच्या नावाने मलिदा करतात: भिजवलेले पोहे, खोबरं, गोडी, फळं. ज्या संदेष्ट्याला आपण बाप्तिस्मा करणाऱ्या योहानात पाहिलं, त्याची वाट हे लोक पोह्यांचं ताट मांडून पाहतात. १९४८ नंतर यांच्यातले बरेच जण इस्राएलला गेले. तिथे साठच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न लावण्याआधी त्यांची वंशावळ तपासण्याची अट धार्मिक अधिकाऱ्यांनी घातली. त्यांना आंदोलन करावं लागलं, आणि १९६४ मध्ये ते सर्वार्थाने यहूदी असल्याचं जाहीर झालं. घड्याळाचे काटे असे धरणं धरून बसत नाहीत.

दोन तृतीयांशांचा तो हिशेब ज्या पाळकांना शास्त्र म्हणून शिकवायचाय, त्यांनी तो एकदा खंडाळ्याला जाऊन, मलिद्याच्या ताटाभोवती बसलेल्या कुटुंबाला तोंडावर वाचून दाखवावा. तिथे जीभ रेटत नसेल तर रविवारी आपल्या मंडळीपुढेही तो वाचू नये.